उजेड आणि उजळपणा : एक फ्लॅश व परावर्तक यांवर उभ्या राहणाऱ्या व्यक्तिचित्राची समीक्षा

प्रास्ताविक

'उजेड' आणि 'उजळ' हे मराठीतील दोन शब्द ऐकायला जवळचे असले तरी त्यांचा व्यवहार भिन्न आहे. उजेड वस्तूवर पडतो. तो वस्तूचा गुण नसतो. 'उजळ' हे मात्र विशेषण आहे, आणि विवाहविषयक जाहिरातींच्या भाषेत ते माणसाच्या कातडीला लावले जाते. व्यक्तीचे छायाचित्र काढणाऱ्याचे काम पहिल्या शब्दाशी संबंधित असते. त्याच्याकडून अपेक्षा मात्र बहुधा दुसऱ्या शब्दाची केली जाते. चेहऱ्याला उजेड देणे आणि चेहरा उजळ करणे या दोन क्रियांतील अंतर पुसले गेले की व्यक्तिचित्र हे व्यक्तीचे चित्र राहत नाही.

प्रस्तुत लेखात हे अंतर एका विशिष्ट प्रकाशयोजनेच्या आधारे तपासले आहे. एकच फ्लॅश आणि त्याचा प्रकाश परतवणारे एक-दोन पृष्ठभाग, एवढ्याच साधनांनी व्यक्तिचित्र घेण्याची ही पद्धत आहे. छायाचित्रणाच्या मार्गदर्शक पुस्तकांत तिचा उल्लेख बहुधा नवशिक्यांसाठीची, कमी खर्चाची सोय म्हणून येतो. ती केवळ काटकसरीची सोय नसून तिच्यामागे निश्चित सौंदर्यविचार आहे, आणि सावळ्या व काळ्या त्वचेच्या चित्रणात तिला नैतिक आशयही प्राप्त होतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. एका दिव्याची परंपरा

एका स्रोताच्या प्रकाशात चेहरा पाहण्याची रीत छायाचित्रणाच्या पूर्वीची आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर याचे १६४२ च्या सुमाराचे, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील 'सुतार संत जोसेफ' हे चित्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. काम करणाऱ्या जोसेफसमोर बाल येशू मेणबत्ती धरून आहे. ज्योतीआड धरलेल्या त्याच्या हाताच्या बोटांतून प्रकाश पाझरतो. चित्रात दुसरा दिवा नाही. त्यामुळे प्रत्येक उजळलेल्या जागेचा हिशेब त्या एका ज्योतीशी जुळतो.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातील चित्र अनेकदा चुकीने राजा रविवर्मा यांच्या नावावर सांगितले जाते. त्यांनी ते १९४० च्या दशकात आपल्या कन्येला समोर उभे करून रंगवले. साडी नेसलेली तरुणी एका हातात दिवा धरून आहे आणि दुसरा हात तिने ज्योतीसमोर आडवा धरला आहे. या चित्राच्या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः बोटांतून झिरपणाऱ्या तांबूस प्रकाशाच्या हुबेहूब चित्रणाला दिले जाते. ते योग्यच आहे. परंतु त्या हाताचे कार्य तेवढ्यावर संपत नाही. तो हात पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ज्योतीपासून वाचवतो, आणि तळहाताचा पृष्ठभाग ज्योतीकडे असल्यामुळे तिचा काही प्रकाश तरुणीच्या अंगाकडे परतवतो. प्रकाशयोजनेच्या परिभाषेत सांगायचे तर तो एकाच वेळी आडोसा आहे आणि परावर्तकही.

या दोन्ही चित्रांत अंधाराला जागा आहे. सगळे काही सारखे दिसावे असा चित्रकाराचा आग्रह नाही. एक दिवा आणि एक हात एवढ्यावर चेहरा उभा राहू शकतो, हे तत्त्व फ्लॅशच्या व्यक्तिचित्रातही तसेच लागू पडते. ज्योतीच्या जागी क्षणिक विद्युत्प्रकाश येतो आणि तळहाताच्या जागी पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तक्ता येतो.

२. परावर्तकाचे स्वरूप

परावर्तक हा दुसरा दिवा आहे, असा एक समज रूढ आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. समजा, फ्लॅश चेहऱ्यापासून एक मीटरवर, समोरून सुमारे ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांपेक्षा थोडा उंच ठेवला आहे. चेहऱ्याची एक बाजू प्रकाशित होते, दुसरी छायेत जाते. छायेच्या बाजूला अर्ध्या मीटरवर पांढरा तक्ता उभा केला की फ्लॅशचा जो प्रकाश चेहऱ्याच्या पुढून निघून जात होता त्यातील काही भाग परत येतो आणि छाया सौम्य होते. प्रकाशित बाजूला छायेच्या दुप्पट प्रकाश असेल तर दोहोंत एका स्टॉपचे अंतर असते. चौपट असेल तर दोन स्टॉपचे, आठपट असेल तर तीन स्टॉपचे. एका स्टॉपच्या अंतरात चेहरा मोकळा व प्रसन्न दिसतो, तर तीन स्टॉपच्या अंतरात तो गंभीर होतो, कधी नाट्यपूर्णही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फ्लॅशची शक्ती दुप्पट केली तर परावर्तकाकडून येणारा प्रकाशही दुप्पट होतो; दोहोंचे प्रमाण मात्र बदलत नाही. दोन स्वतंत्र फ्लॅश असतील तर हे प्रमाण बटण फिरवून ठरवता येते. एका फ्लॅशच्या मांडणीत ते केवळ जागेने ठरते : तक्ता किती जवळ आहे, त्याचा कोन कोणता, तो पांढरा आहे की चंदेरी, लहान आहे की मोठा. चंद्राप्रमाणेच परावर्तकालाही स्वतःचे तेज नसते. त्यामुळे चित्रातील छाया कितीही सौम्य केली तरी प्रकाशाचे उगमस्थान एकच राहते आणि पाहणाऱ्याच्या मनात दिशेविषयी संभ्रम निर्माण होत नाही. दोन फ्लॅश बेफिकिरीने वापरले की नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या पडतात. तसा चेहरा सूर्याखाली किंवा दिव्यापाशी कोणी पाहिलेला नसतो.

पृष्ठभागाच्या निवडीलाही अर्थ असतो. पांढरा पृष्ठभाग प्रकाश विखरून परतवतो, चंदेरी पृष्ठभाग अधिक तीव्रतेने व दिशेने परतवतो, सोनेरी पृष्ठभाग त्यात ऊब मिसळतो. काळे कापड प्रकाश परतवत नाही. ते छायेच्या बाजूला उभे केले असता खोलीत इतस्ततः फिरणारा प्रकाश शोषला जातो आणि छाया अधिक गडद होते. खोलीच्या भिंती आणि छत हे तर न बोलावता आलेले परावर्तक असतात. पिस्ता किंवा निळ्या रंगाच्या भिंतींच्या घरात फ्लॅश उडवला की तो रंग गालावर उतरतो, आणि पुढे दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

परावर्तित प्रकाशाची कलात्मक शक्यता भारतीय चित्रपटाने लवकर ओळखली होती. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटासाठी काशीतील घराचे अंगण कोलकात्यात स्टुडिओत उभारण्यात आले. खऱ्या घराच्या चौकात आकाशातून उतरणारा, सावली न पाडणारा उजेड तेथे कसा आणावा, हा छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी अंगणाच्या वर पांढरे कापड ताणून बांधले आणि स्टुडिओतील दिव्यांचा प्रकाश त्यावरून खाली परतवला. येथे परावर्तक छाया भरून काढत नाही, तो स्वतःच आकाश होतो. व्यक्तिचित्रकारालाही हा मार्ग खुला असतो. फ्लॅशचे तोंड चेहऱ्याकडे न ठेवता मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागाकडे वळवले की तो पृष्ठभागच मुख्य स्रोत बनतो, आणि त्याचा आकार व अंतर यांवर छायेची कड मऊ की कठोर हे ठरते.

३. समोरून येणारा फ्लॅश

परावर्तकाचे महत्त्व कळण्यासाठी परावर्तकाविना वापरलेल्या फ्लॅशकडे पाहावे लागते. जर्मनीत १८८७ मध्ये मॅग्नेशियमयुक्त झगझगीत चूर्ण तयार झाले आणि त्याची वार्ता न्यूयॉर्कमधील पत्रकार जेकब रीस याच्यापर्यंत पोहोचली. त्या चूर्णाच्या प्रकाशात त्याने गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्यांची छायाचित्रे घेतली आणि १८९० मध्ये 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेयर्ड स्ट्रीटवरील दाटीवाटीच्या खोलीत पाच सेंट देऊन रात्र काढणाऱ्या माणसांचे त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. झोपेतून दचकलेले चेहरे अचानक उजेडात आले आहेत. या चित्रांनी घरांच्या दुःस्थितीकडे समाजाचे लक्ष वेधले, हे निर्विवाद आहे. परंतु चित्रातील माणसांना उजेड मिळाला तो पुरावा म्हणून. त्यांना त्या उजेडाची तयारी करण्यास वेळ मिळाला नाही.

अमेरिकन छायाचित्रकार डायन आर्बस हिच्या १९६० च्या दशकातील व त्यानंतरच्या अनेक व्यक्तिचित्रांत समोरून येणारा फ्लॅश हेतुपूर्वक वापरलेला आहे. ब्राँक्समधील घरात छताखाली वाकून उभा असलेला महाकाय तरुण आणि त्याच्याकडे मान वर करून पाहणारे त्याचे आईवडील, हे १९७० मधील तिचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. रीसची माणसे नकळत टिपली गेली, आर्बसची माणसे मात्र जाणीवपूर्वक उभी आहेत. तिने त्यांच्याशी ओळख वाढवलेली असे. तरीही कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा प्रकाश माणसाच्या चेहऱ्यावर आणि खोलीतील सामानावर सारख्याच कोरडेपणाने पडतो. हा कोरडेपणा हीच आर्बसची शक्ती आहे, असे एक मत आहे; तोच तिचा दोष आहे, असे दुसरे. दोन्ही मतांचा आधार एकच आहे. कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा प्रकाश पाहणाऱ्याच्या नजरेचा असतो. तो समोरच्या व्यक्तीच्या जगातला नसतो.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर नेला आणि त्याच्या समोर परावर्तक उभा केला की हे नाते बदलते. प्रकाशाला व्यक्तीच्या जागेत स्थान मिळते. खिडकी कोठे असावी, दिवा कोठे असावा, याची कल्पना चित्रातून उमटते. शिवाय या मांडणीला वेळ लागतो. तक्ता चार बोटे पुढे घ्यावा की मागे, हे समोरच्या माणसाजवळ जाऊन ठरवावे लागते. या अवधीत समोरची व्यक्ती सावरते. पद्धतीचा संथपणा हा येथे दोष नसून गुण आहे.

४. त्वचेचा प्रश्न

या विवेचनाची खरी कसोटी त्वचेच्या रंगापाशी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत छायाचित्रांच्या छपाईचे प्रमाण ठरवण्यासाठी प्रयोगशाळांत 'शर्ली कार्ड' या नावाने ओळखली जाणारी नमुनाचित्रे वापरली जात. त्यांतील स्त्री दीर्घकाळ गोरीच असे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डे १९९० च्या दशकात आली. म्हणजे रंगाचे मोजमाप ज्या चेहऱ्यावरून ठरत होते तो चेहरा जगातील बहुसंख्य माणसांचा नव्हता. मोबाइलच्या कॅमेऱ्यांच्या काळातही प्रश्न संपला नाही. गुगलला २०२१ मध्ये 'रिअल टोन' या नावाने गडद त्वचेच्या चित्रणात सुधारणा जाहीर करावी लागली, हे त्याचे द्योतक होय.

प्रकाशमापनातही हाच पेच आहे. कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवरून परत येणारा प्रकाश मोजतो आणि तो मध्यम करड्या छटेचा आहे असे गृहीत धरतो. चौकटीत सावळा चेहरा मोठा असेल तर मीटर त्याला मध्यम छटेपर्यंत उचलतो. गोरा चेहरा असेल तर त्याच छटेपर्यंत खाली आणतो. हातात धरण्याचा, वस्तूवर पडणारा प्रकाश मोजणारा मीटर असे करत नाही. चेहऱ्यापाशी किती उजेड पोहोचला एवढेच तो सांगतो. चेहरा कसा असावा याविषयी त्याचे काही म्हणणे नसते. उजेड आणि उजळपणा यांतील जो भेद भाषेत दिसतो, तोच भेद या दोन मापनपद्धतींत यंत्ररूपाने उपस्थित आहे.

सावळ्या चेहऱ्यासाठी 'जास्त प्रकाश लागतो' हे विधान म्हणूनच अपुरे आहे. त्वचेकडून प्रकाश दोन प्रकारे परत येतो. काही प्रकाश त्वचेच्या आत शिरून, विखरून, तिचा रंग घेऊन येतो. काही प्रकाश वरच्या पृष्ठभागावरूनच चकाकीच्या रूपाने परततो. गडद त्वचेत पहिला प्रकार कमी असतो, दुसरा जवळपास तेवढाच राहतो. परिणामी गोऱ्या चेहऱ्याची घडण मुख्यतः छायेने कळते, तर काळ्यासावळ्या चेहऱ्याची घडण कळण्यात चकाकीचा वाटा मोठा असतो. गालाच्या हाडावरची, कपाळाच्या कडेची, नाकाच्या शेंड्यावरची चकाकी तेथे रेखाटनाचे काम करते. लहान, उघड्या फ्लॅशची चकाकी टिकलीएवढी आणि भगभगीत असते. ती घामासारखी दिसते. मोठ्या पांढऱ्या परावर्तकाची चकाकी लांब आणि मंद असते. ती गालाच्या वळणाबरोबर जाते. येथे गरज असते ती प्रकाशाचा पृष्ठभाग मोठा करण्याची आणि तो योग्य कोनात ठेवण्याची. रंग तोच राहतो आणि चेहरा स्पष्ट होतो.

महाराष्ट्रातील स्टुडिओंच्या व्यवहाराकडे या संदर्भात पाहिले पाहिजे. विवाहासाठी पाठवण्याचे छायाचित्र हा अनेक छोट्या स्टुडिओंच्या उत्पन्नाचा एक आधार राहिला आहे. दोन्ही बाजूंना सारख्या शक्तीच्या छत्र्या, पांढरी पार्श्वभूमी आणि थोडे अधिक एक्स्पोजर ही मांडणी त्या गरजेतून रुळली. तीत छाया उरत नाही, पण छायेबरोबर चेहऱ्याची ठेवणही जाते. पुढे संगणकावर रंग आणखी फिका केला जातो. याचा दोष एकट्या छायाचित्रकाराला देणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडे येणारी मागणीच तशी असते. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाचे नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले; शब्द गोरेपणाकडून तेजाकडे सरकला. केवळ शब्द बदलल्याने दृष्टी बदलते असे नाही. हळदणकरांच्या चित्रातील 'ग्लो' हा दिव्याचा आहे, त्वचेचा नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

५. आक्षेप आणि मर्यादा

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, फ्लॅश हाच मुळात उपरा प्रकाश आहे. माणूस ज्या उजेडात जगतो त्याच उजेडात त्याला पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील कृष्णवर्णीयांचे जीवन टिपणारा रॉय डिकॅरावा याने उपलब्ध प्रकाशातच काम केले. त्याच्या मुद्रितांतील काळा रंग खोल असूनही त्यात तपशील जिवंत राहतो. लँग्स्टन ह्यूझ यांच्या मजकुरासह १९५५ मध्ये निघालेले 'द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ' हे पुस्तक त्याची साक्ष देते. हा आक्षेप वजनदार आहे. तथापि डिकॅरावाकडून जे शिकावयाचे ते केवळ फ्लॅशचा त्याग नव्हे. अंधार हा दोष मानून भरून काढायचा नाही, हे त्याचे मूळ सूत्र आहे, आणि एका फ्लॅशच्या मांडणीत ते पाळता येते. कित्येकदा त्यासाठी पांढरा तक्ता काढून घ्यावा लागतो किंवा काळे कापड उभे करावे लागते.

दुसरा आक्षेप असा की, परावर्तकांनीही चेहरा सपाट करता येतो. डावीकडे, उजवीकडे आणि हनुवटीखाली तक्ते लावले की एका फ्लॅशनेही सर्व छाया पुसता येतात. हे खरे आहे. एक स्रोत म्हणजे आपोआप सचोटी, असा दावा करता येणार नाही. या पद्धतीचे वैशिष्ट्य एवढेच की, तीत निर्णय लपत नाही. डोळ्यांच्या बुबुळांत प्रकाशाच्या ठिपक्यांची संख्या व जागा दिसते. बुबुळाच्या खालच्या कडेला दुसरा ठिपका असेल तर खालून तक्ता लावला आहे हे कळते. नाकाच्या सावलीची दिशा स्रोताची जागा सांगते, हनुवटीखालच्या छायेची घनता परावर्तकाचे अंतर सांगते. समीक्षकाला एवढी चिन्हे वाचता आली तर 'छान', 'सुरेख', 'जिवंत' या विशेषणांच्या पलीकडे जाऊन छायाचित्राविषयी काही निश्चित विधान करता येईल. मराठीत छायाचित्रणाविषयीचे लेखन बहुधा छायाचित्रकाराच्या आठवणी किंवा उपकरणांची माहिती या दोन टोकांत अडकते. मधली जागा, म्हणजे चित्र वाचण्याची जागा, बरीचशी रिकामी आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात :

१) एक फ्लॅश व परावर्तक ही मांडणी चित्रकलेतील एकदीप परंपरेशी नाते सांगते. परावर्तक हा स्वतंत्र दिवा नसून मूळ प्रकाशाचे परत येणे आहे. म्हणून चित्रातील प्रकाशाची एकसूत्रता टिकते.

२) या मांडणीत छाया आणि प्रकाश यांचे प्रमाण शक्तीने नव्हे तर जागेने ठरते. त्यामुळे छायाचित्रकाराला समोरच्या व्यक्तीजवळ जाऊन, वेळ देऊन निर्णय घ्यावा लागतो.

३) सावळ्या व काळ्या त्वचेच्या चित्रणात प्रकाशाच्या परिमाणापेक्षा त्याच्या पृष्ठभागाचा आकार व कोन अधिक निर्णायक असतात. चेहरा फिका न करता तो स्पष्ट दाखवणे तंत्रदृष्ट्या पूर्णपणे शक्य आहे.

४) तसे न होण्याचे कारण साधनांच्या अभावात शोधण्यापेक्षा 'उजळ' या शब्दाला समाजाने दिलेल्या किमतीत शोधावे लागेल.

छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमांत उपकरणांची ओळख दिली जाते. त्याच्या जोडीला वर्णाच्या प्रश्नाचाही समावेश व्हावा. विद्यार्थ्याने पहिला सराव एका फ्लॅशने, एका पांढऱ्या तक्त्याने आणि निरनिराळ्या वर्णांच्या चेहऱ्यांवर करावा. तक्ता मागेपुढे करताना चेहऱ्याचा रंग न बदलता त्याची ठेवण कशी उलगडते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पुढे एखादी मुलगी विवाहासाठी छायाचित्र काढून घ्यायला त्याच्या स्टुडिओत येईल तेव्हा तिला तिच्याच रंगात नीट दाखवण्याचे कौशल्य त्याच्या हाती असेल.